मुलांच्या गोष्टी आणि देवाचा वाद

मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कथेत लेखकाने देवच खोटा ठरवला, तर धर्मनिष्ठ माणसाने काय करावे? ती कथा मुलाच्या हातून काढून घ्यावी, मुलाशेजारी बसून ती वाचावी, की तिला उत्तर देणारी दुसरी गोष्ट सांगावी? आजच्या विवेचनाचा विषय एवढाच आहे.

वरवर पाहता हा प्रश्न विलायती वाटेल. पाण्यासाठी आभाळाकडे आणि मजुरीसाठी कारखान्याकडे डोळे लावून बसलेल्या बीड जिल्ह्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. परंतु हॅरी पॉटरची जादूची शाळा मराठीत येऊन पुष्कळ वर्षे झाली, आणि चित्रपट तर वाडीवस्तीवरच्या मुलांच्याही हातातल्या फोनवर पोचले आहेत. मूल काय वाचते, काय पाहते, यावर आता गावाच्या वेशीचा पहारा उरलेला नाही. जो वाद दूरदेशी झाला तो आज ना उद्या आपल्या वाचनालयाच्या दारात येणारच. पाहुणा येण्याआधी घर झाडून ठेवावे, तसा या प्रश्नाचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

आमचे आयुष्य ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेले. शाळेने आम्हांला लवकर निरोप दिला. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि संघटनेच्या कचेरीत झाले. त्यामुळे पंडिती काथ्याकूट आमच्याकडून होणार नाही. मात्र सत्ता कोणाच्या नावाने चालते आणि तिचा हिशेब कोणी मागायचा, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. या वादाच्या मुळाशीही तोच प्रश्न आहे, असे आमचे मत झाले आहे.

दोन लेखक, दोन वाटा

प्रथम वाद काय झाला ते समजून घेऊ. इंग्लंडात सी. एस. लुइस नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले. तरुणपणी ते नास्तिक होते; १९३१ साली ते पुन्हा ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले. १९५० ते १९५६ या काळात त्यांनी ‘नार्निया’ या काल्पनिक देशाच्या सात गोष्टी मुलांसाठी लिहिल्या. त्यांत अस्लान नावाचा एक थोर सिंह आहे. चुकलेल्या एका मुलासाठी तो स्वतःचे प्राण देतो आणि पुन्हा जिवंत होतो. ख्रिस्ती वाचकाला यात येशू ख्रिस्त ओळखू येतो. ज्या मुलाला येशूची कथा ठाऊक नाही, त्याला तो सिंहच दिसतो, आणि गोष्ट तरीही रंगते. म्हणजे अद्भुत कथेतून धर्म सांगण्याचा हा उघड प्रयत्न होता, आणि तो विलक्षण यशस्वी झाला.

फिलिप पुलमन हे याच वाटेने उलट दिशेला चालत गेलेले लेखक. त्यांचा जन्म १९४६ चा. आजोबा धर्मोपदेशक, स्वतः पुलमन ऑक्सफर्ड येथे शाळामास्तर होते, आणि विचाराने नास्तिक. लुइस यांच्या नार्नियावर त्यांनी १९९८ साली कडक टीका केली. त्यांची ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही कादंबरीमाला तीन भागांची आहे: ‘नॉर्दर्न लाइट्स’ १९९५ मध्ये, ‘द सटल नाइफ’ १९९७ मध्ये आणि ‘द अँबर स्पायग्लास’ २००० मध्ये प्रसिद्ध झाली. मालेचे नाव त्यांनी मिल्टन कवीच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातून उचलले. सैतानाने देवाविरुद्ध केलेल्या बंडाचे ते काव्य. तेव्हा आपण कोणत्या युद्धात कोणत्या बाजूने उतरत आहोत, हे पुलमन यांनी लपवले नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. लायरा नावाची एक मुलगी आपल्यासारख्याच, पण किंचित निराळ्या जगात राहते. तिथे माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्या सोबत बाहेर वावरतो. मुलांचे हे प्राणी क्षणाक्षणाला रूप पालटतात. मूल वयात आले की रूप कायमचे ठरते. त्या जगावर ‘मॅजिस्टेरिअम’ नावाच्या धर्मसत्तेचा अंमल आहे. वयात येताना माणसावर अदृश्य धूळ उतरते, ती धूळ म्हणजे पाप, अशी त्या सत्तेची समजूत. म्हणून तिची माणसे गोरगरिबांची मुले पळवतात, त्यांना उत्तरेकडच्या बर्फात नेतात आणि मूल व त्याचा सोबती प्राणी यांना कापून वेगळे करतात. पुढे लायराला आणि तिच्या सोबत्याला उमगते की ती धूळ पाप नसून जाणीव आहे, समज आहे.

शेवटच्या भागात ज्याला सारे देव मानतात तो समोर येतो. तो विश्वाचा कर्ता नसतोच. सर्वांआधी जन्मलेला एक देवदूत. मागून आलेल्यांना त्याने सांगितले की तुम्हांला मीच निर्माण केले. आता तो इतका जर्जर झाला आहे की स्फटिकाच्या पालखीत घालून त्याला वाहून न्यावे लागते. मुले दयेने पालखी उघडतात आणि तो वाऱ्यात विरून जातो. त्याला मारण्याचा त्यांचा हेतू नसतो. किंबहुना तो कोण हेही त्यांना ठाऊक नसते.

ही कथा इंग्लंडात डोक्यावर घेतली गेली. पहिल्या भागाला तिथल्या बालसाहित्यातील मानाचे कार्नेगी पदक मिळाले. तिसऱ्या भागाला २००१ सालचा व्हिटब्रेड पुरस्कार मिळाला. त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट पुस्तक म्हणून हा मान मिळवणारे ते पहिलेच बालपुस्तक.

वादळ

खरे वादळ उठले ते चित्रपटाच्या वेळी. पहिल्या भागावरचा ‘द गोल्डन कंपास’ हा चित्रपट डिसेंबर २००७ मध्ये प्रदर्शित झाला. अमेरिकेतील ‘कॅथॉलिक लीग’ या संस्थेने दोन महिने आधीपासूनच बहिष्काराची मोहीम उघडली. वास्तविक चित्रपटवाल्यांनी धर्मावरची टीका बरीचशी गाळली होती; इतकी की इंग्लंडातल्या धर्मनिरपेक्षतावाद्यांनी उलट बाजूने तक्रार केली. पण लीगचा मुद्दा वेगळा होता. ती म्हणत होती, चित्रपट सौम्य आहे हेच गळाला लावलेले आमिष. नाताळात मूल चित्रपट पाहील, पुस्तक मागेल, आणि पुस्तकातून नास्तिकता घरात येईल. त्याच सुमारास कॅनडातल्या हाल्टन येथील कॅथॉलिक शाळामंडळाने ही पुस्तके शाळांच्या फळीवरून उतरवली. अमेरिकेतल्या ग्रंथालयसंघाच्या यादीप्रमाणे २००८ साली ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वांत जास्त तक्रारी आल्या, त्यांत ही माला दुसऱ्या क्रमांकावर होती. चित्रपट अमेरिकेत बेताचाच चालला, आणि पुढचे दोन भाग त्या मंडळींनी काढलेच नाहीत. पुढे बीबीसीने २०१९ ते २०२२ या काळात तिन्ही भाग मालिकेच्या रूपाने दाखवले, तेव्हा कुठे ती कथा पडद्यावर पुरी झाली.

या गदारोळात एक घटना मात्र आम्हांला विशेष मोलाची वाटते. चित्रपटाच्या तीन वर्षे आधी, मार्च २००४ मध्ये, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुलमन यांच्याशी जाहीर संवाद करायला रोवन विल्यम्स हे गृहस्थ बसले. ते त्या वेळी कँटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे मुख्य धर्माधिकारी होते. त्यांनी पुस्तके मन लावून वाचली होती, आणि ती शाळेतल्या धर्मशिक्षणाच्या तासाला चर्चेला घ्यावीत असे त्यांचे मत होते. तात्पर्य, एकाच धर्माच्या माणसांकडून एकाच पुस्तकाला दोन प्रकारची वागणूक मिळाली. कोणी ते फळीवरून उतरवले, कोणी ते व्यासपीठावर नेले.

आक्षेपांत तथ्य किती

आक्षेप घेणाऱ्यांना मूर्ख समजण्याची पुरोगामी मंडळींना खोड असते. ती सोडली पाहिजे. लीगचे पुस्तकाविषयीचे वर्णन खोटे नव्हते. पुस्तक देवाच्या कल्पनेवर हल्ला करतेच. म्हणून त्यांचे आक्षेप एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा की मुलाला खरेखोटे कळत नाही. आमचा अनुभव याच्या उलट आहे. राक्षसाचा प्राण पोपटात असतो ही गोष्ट ऐकून कोणत्याही मुलाने पोपटाची मान पिरगळल्याचे आम्ही ऐकले नाही. गोष्टीतला कायदा गोष्टीपुरता, हे मुलाला आपल्याहून चांगले कळते. आणि गोष्टीने मूल घडते हे मान्य केले, तर तो न्याय नार्नियालाही लावावा लागेल. एका गोष्टीने श्रद्धा रुजवलेली चालते आणि दुसरीने शंका रुजवलेली चालत नाही, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप आईबापांच्या अधिकाराचा. तो आम्ही मान्य करतो. आपल्या संविधानाचे २८ वे कलमही तोच आदर दाखवते: सरकारमान्य शाळेत मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. हा नियम नास्तिकाच्या मुलाला जसा राखतो तसाच आस्तिकाच्या मुलालाही राखला पाहिजे. शिक्षकाने वर्गात देव नाही असे घोकून घेणे आम्हांला मान्य नाही. मात्र हा अधिकार आपल्या पोटच्या मुलापुरता असतो. शेजाऱ्याच्या मुलाने काय वाचावे हे ठरवण्याचा मुखत्यारनामा त्यात येत नाही. आणि सार्वजनिक वाचनालयाची फळी ही शेजाऱ्याचीही असते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. देव काढून घेतलात तर मुलाला आधार कशाचा? हा आक्षेप आम्ही पुस्तकात वाचण्याआधी उसाच्या फडात ऐकला. काही वर्षांमागे एका कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या मध्ये, संध्याकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचा कार्यक्रम आम्ही चालवीत होतो. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या एका आजींनी आम्हांला अडवले. म्हणाल्या, “दादा, तुम्ही लेकरास्नी देव न्हाई म्हनून सांगता. मग रातच्याला गाडी भरताना अंधारात त्यानं नाव कुनाचं घ्यायचं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी पुस्तकी उत्तर नाही. लेकराला रात्री गाडी भरायला जावेच लागू नये, ते शाळेत असावे, त्यासाठी गावात हंगामी वसतिगृह नीट चालावे आणि तळावर साखरशाळा असावी, हे आमचे उत्तर. पण जोवर ते काम अपुरे आहे तोवर आजींच्या विठ्ठलाला नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांला नाही. गरिबाचा देव पुष्कळदा त्याच्या एकटेपणातला सोबती असतो. त्या सोबत्याला कापून वेगळे करणारा माणूस, मग तो नास्तिक का असेना, पुलमन यांच्याच गोष्टीतल्या मुले पळवणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

आम्ही आजींना म्हटले, “आजी, गोष्ट पुरी ऐका, मग काय ते बोला.” आणि पालखीतल्या त्या जर्जर देवाची गोष्ट आमच्या भाषेत सांगितली. आजी शेवटपर्यंत बसल्या. मग म्हणाल्या, “आरं, त्यो देव कशाचा? त्यो तर मुकादम! मालक निराळाच असंल.”

शहरातल्या वाचकांसाठी एवढेच सांगतो: ऊसतोड मजुराला कारखान्याचा मालक कधी दिसत नाही. उचल देतो मुकादम, हिशेब ठेवतो मुकादम, फड नेमून देतो मुकादम. हंगाम संपला, पट्टा पडला, तरी उचल फिटली की नाही हे मुकादमाच्या वहीलाच ठाऊक. त्यामुळे मुकादमच मालक असे वाटू लागते. जो कर्ता नाही त्याने कर्ता म्हणवून घ्यायचे आणि वही कोणाला दाखवायची नाही, हे सत्तेचे जुने तंत्र त्या निरक्षर बाईने एका वाक्यात ओळखले. पुलमन यांना हे उत्तर पटणार नाही. मालकही कोणी नाही असेच ते म्हणतील. त्यांचा आणि आजींचा हा मतभेद खरा आहे आणि तो आम्ही मिटवू इच्छीत नाही. पण आजींनी गोष्ट पुरी ऐकली, तिचे मर्म घेतले, आपली श्रद्धा शाबूत ठेवली आणि उत्तर दिले. धर्माच्या बाजूने आक्षेप कसा घ्यावा याचा याहून चांगला दाखला आमच्या पाहण्यात नाही.

आपली रीत

कोणी म्हणेल, देवाविषयी असे उलटसुलट बोलणे ही आपली रीत नव्हे. आमचे उत्तर असे की ती आपलीच रीत आहे. वाल्मीकि-रामायणाच्या अयोध्याकांडात जाबाली नावाचा ब्राह्मण प्रत्यक्ष रामाला सांगतो की परलोक वगैरे काही नाही, श्राद्धात अन्न फुकट जाते, समोर दिसते तेच धर. राम त्याला रागावून उत्तर देतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की कवीने जाबालीचे भाषण गाळले नाही. आधी नास्तिकाचे म्हणणे पुरते मांडले, मग उत्तर दिले. शेकडो वर्षे श्रद्धाळू माणसे रामायण वाचत आली, त्याबरोबर जाबालीही वाचत आली. त्याने कोणाचा राम बाटला नाही.

प्रल्हादाची गोष्ट घ्या. ती भक्तीची गोष्ट खरीच; पण तिच्यात एक लहान मूल राजाला, बापाला आणि गुरूला, तिघांनाही प्रश्न विचारते. राज्याचा अधिकृत देव म्हणजे हिरण्यकशिपू स्वतः. त्याचे नाव घ्यायला मूल नकार देते. सक्तीची श्रद्धा नाकारण्याची ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगत आलो. मग सक्ती नाकारणाऱ्या दुसऱ्या मुलीच्या गोष्टीला आपण इतके का बिचकावे?

आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘विवेकसिंधु’. परंपरा त्याचा काळ इसवी सन ११८८ सांगते. ग्रंथ वेदान्ताचा, ब्रह्मविद्येचा आहे. आजच्या अर्थाने बुद्धिवादाचा नाही. तरी मराठीच्या आद्य ग्रंथांत गणल्या जाणाऱ्या पुस्तकाच्या नावातच विवेक हा शब्द असावा, ही गोष्ट आम्हांला अभिमानाची वाटते.

अलीकडच्या काळातही मराठीत ही परंपरा आहे. २० मे २०२५ रोजी दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा शाळकरी मुलेही आवडीने वाचतात. त्यांच्या एका कथेत डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. भाविकाला हा साक्षात्कार वाटेल. कथेत त्याचे कारण मोबियसच्या पट्टीच्या गणितात दडलेले असते. ‘धूमकेतू’ या दुसऱ्या कथेत धूमकेतूची टक्कर टाळण्यासाठी शास्त्रज्ञ झटतात, आणि इकडे शास्त्रज्ञाच्याच घरी शांतीसाठी यज्ञ केला जातो. नारळीकर देवाला शिव्या देत नाहीत. ते कारण शोधून दाखवतात आणि मुलाला विचार करायला मोकळे सोडतात. संविधानात १९७६ च्या दुरुस्तीने घातलेल्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टी वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. ते गोष्टीच्या रूपाने पार पाडण्याची ही एक नमुनेदार पद्धत होय.

आक्षेप हाती काठी घेतो तेव्हा

आक्षेपाला उत्तर देण्याची सवय मोडली की पुढची पायरी काठीची असते. मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी यांच्या ‘द सटॅनिक व्हर्सेस’ या मोठ्यांसाठी लिहिलेल्या कादंबरीची आयात ऑक्टोबर १९८८ मध्ये भारतात रोखली गेली. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी इराणच्या धर्मप्रमुखांनी त्यांच्या मृत्यूचा फतवा काढला. त्यानंतर दहा दिवसांनी मुंबईत निघालेल्या निषेधाच्या मोर्चाला हिंसक वळण लागले आणि पोलिसांच्या गोळीबारात १२ माणसे मेली. पुस्तक देशात येऊच दिले नव्हते. तेव्हा मेलेल्यांपैकी कोणी ते वाचले असण्याचा संभव जवळजवळ नाही. न वाचलेल्या पुस्तकासाठी माणसे जिवाला मुकली.

लपूनछपून राहण्याच्या त्या काळात रश्दींनी आपल्या मुलासाठी एक अद्भुत कथा लिहिली. ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ हे तिचे नाव; साल १९९०. एका कथेकऱ्याची वाणी आटते आणि त्याचा मुलगा गोष्टींच्या समुद्राचा शोध घेत निघतो. त्या समुद्रात विष कालवणारा आहे खत्तमशुद. त्याला साऱ्या जगावर हुकमत हवी, आणि प्रत्येक गोष्टीत असे एक जग असते जिथे त्याचा हुकूम चालत नाही. म्हणून त्याला गोष्टी नकोत. सत्ता गोष्टीला का भिते याचे याहून सोपे स्पष्टीकरण मुलांच्या भाषेत आम्ही वाचलेले नाही. पुढे १२ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेत शटॉक्वा येथे रश्दींवर सुरीहल्ला झाला आणि त्यांचा एक डोळा गेला. शटॉक्वा हे आपल्या या व्याख्यानमालेसारखेच सार्वजनिक व्याख्यानांचे ठिकाण आहे, आणि हल्ला व्याख्यान सुरू होण्याच्या वेळी, मंचावरच झाला.

हे सारे परक्यांचे, परधर्मीयांचे, असे म्हणायची सोय आपल्याला नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालण्यात आल्या. आमचा देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, असे ते जन्मभर सांगत राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या वाट्याला तेच आले. कामगार चळवळीतल्या आमच्यासारख्यांचे ते वडीलधारे होते.

म्हणून काय करावे

आमचे म्हणणे चार कलमांत सांगतो.

एक: पुस्तकाविरुद्ध तक्रार करणाऱ्याने ते आधी संपूर्ण वाचावे आणि वाचनालयाच्या सभेत येऊन त्याचा सारांश सांगावा. तक्रार त्यानंतर ऐकावी. हेतुपुरस्सर, दुष्ट बुद्धीने धर्माचा अपमान करणाऱ्यासाठी १९२७ पासून कायद्यात कलम आहेच. ते गावच्या समितीने आपल्या हाती घेऊ नये.

दोन: वाचनालयाने दोन्ही बाजूंची पुस्तके ठेवावीत. संतचरित्रे ठेवावीत, नारळीकर ठेवावेत. नार्निया ठेवावा, लायराची गोष्टही ठेवावी. एकाच बाजूच्या पुस्तकांनी भरलेली फळी म्हणजे अर्धीच वही.

तीन: आपल्या मुलाला एखादे पुस्तक देऊ नये असे ज्या पालकाला वाटते, त्याचा मान राखावा. पण कारण मुलाला सांगावे. न सांगता काढून घेतलेले पुस्तक मूल दुसरीकडे मिळवतेच, आणि मग ते एकट्याने वाचते.

चार: नास्तिकांनीही मुलांच्या श्रद्धेची टर उडवू नये. टर उडवल्याने प्रश्न विचारायची सवय लागत नाही. गप्प बसायची लागते.

या चौथ्या कलमावर आमचा भर का, तेही सांगतो. ज्या मुलाला गोष्टीतल्या देवाविषयी निर्भयपणे प्रश्न विचारता येतो, ते मूल उद्या मुकादमाला वही उघडून दाखवायला सांगू शकते. त्याने मग देव मानला काय आणि न मानला काय, त्याची फसवणूक करणे कठीण होते. संघटनेला माणसे हवीत ती अशी.

सध्या टोळ्या फडावरून गावी परतल्या आहेत. दसऱ्याच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर पुन्हा निघतील, आणि मागे राहू न शकलेली मुले कोयत्याबरोबर जातील. त्यांच्यासाठी पुस्तकांच्या पेट्या भरण्याचे काम आम्ही आतापासून हाती घेतले आहे. ज्यांना आमची निवड नास्तिकांची वाटेल, त्यांनी आपल्या पसंतीचे पुस्तक आणून त्याच पेटीत घालावे. आम्ही ते काढणार नाही. आपल्या हातचे एक पुस्तक आणि ते मुलांना वाचून दाखवायला एक संध्याकाळ, एवढे या सभागृहातल्या प्रत्येकाने दिले, तर एकही टोळी पेटीवाचून जाणार नाही.